रांगेत अडकलेली हाक

उप्साला, ५ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

ई-मेल तू वाचत नाहीस आणि फोन केला तर म्हणतेस, "मागे टाइप करतोयस ते ऐकू येतंय, ठेव." म्हणून हा कागद. पाकिटासाठी दोन दुकानं हिंडलो. पोस्टाचं तिकीट मागितलं तेव्हा काउंटरवरची मुलगी माझ्याकडे कीव आल्यासारखी बघत होती. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजचे प्रोग्रॅम लिहिलेल्या बाईशी बोलायचा हाच एक मार्ग उरावा, कमाल आहे!

आई पडली. घाबरू नकोस, आता बरी आहे. सव्वीस तारखेला, गुरुवारी दुपारी, येव्लेच्या वृद्धनिवासातल्या तिच्या घरकुलात ती स्टुलावर चढली, वरच्या फळीवरची लिंगनबेरीची बरणी काढायला. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी स्टुलावर! घोटा मोडला. मनगटावरच्या पट्ट्याचं बटण तिनं दाबलं आणि चार मिनिटांत त्या मजल्यावरची हिवेत नावाची मदतनीस दारात हजर. हा पट्टा आमच्या कंपनीचा, मीच आईला आणून दिलेला, त्यामुळे हे लिहिताना जरा बरं वाटतंय.

अडचण अशी की आई म्हणते, ती पाऊण तास जमिनीवर पडून होती. आमच्याकडे नोंद आहे, मिनिटासकट. तिला दाखवली. ती म्हणते, "मशीनला काय कळतं? पडले कोण, मशीन की मी?" जेवणघरात सांगते, केस कापणाऱ्या बाईला सांगते, चर्चमधून येणाऱ्या पाद्रीणबाईंना सांगते, की माझ्या पोराचं बटण चालत नाही. तिथले लोक आता तिच्याकडे वेगळ्याच नजरेनं बघायला लागलेत. चार मिनिटं जिला पाऊण तास वाटतात, तिचं डोकं ठिकाणावर आहे का, असा प्रश्न येणारच ना!

आमच्या सिस्टिममध्ये निरोप हरवूच शकत नाही, हे तिला माझ्या तोंडून पटत नाही. जगात ती फक्त तुझ्या जिभेला टरकते. तिला चार ओळी लिही ना, की आता पुरे.

तुझा,
सिक्स्टेन


नॉरग्रुंद, ११ ऑक्टोबर

सिक्स्टेन,

पत्र मिळालं. अक्षर म्हणजे कोंबडी चालून गेल्यासारखं आहे, पण निदान मागे टाइप केल्याचा आवाज नाही.

वहिनी पडली याचं वाईट वाटलं. स्टुलावर चढली याचं नवल वाटलं नाही, आणि पाऊण तास पडून होते म्हणते याचं तर मुळीच नाही. तुझ्या आईचं राईचा पर्वत करणं मी पन्नासच्या वर वर्षं ऐकते आहे. तुझ्या बापाशी, आर्वीदशी, लग्न झालं त्या वर्षी मिडसमरच्या सणाच्या जेवणात माझ्या हेरिंग माशात मीठ जरा जास्त पडलं होतं. आज तिला विचार. ती सांगेल, सहा माणसं आजारी पडली आणि एकाला दवाखान्यात न्यावं लागलं. दवाखान्यात गेला तो शेजारचा टॉर्स्टेन, आणि तो पिऊन धक्क्यावरून खाली पडला होता. तेव्हा चार मिनिटांचा पाऊण तास तिनंच केला असणार, हे तुझ्या मशीनला न विचारता मी सांगते.

पण मी तिला लिहिणार नाही. तुझा बाप गेल्यापासून आमचा व्यवहार ख्रिसमसच्या कार्डापुरता आहे, आणि त्या कार्डावरही ती नुसती सही करते. म्हातारीला गप्प करायचं काम तुझं, माझ्या गळ्यात घालू नकोस.

तुझ्या पत्रातल्या एका वाक्याशी मात्र मी अडले. "निरोप हरवूच शकत नाही." अरे वा! असं छातीठोकपणे सांगणारी पोरं मी नोकरीत बरीच पाहिली आणि बहुतेकांच्या मागून झाडू मीच मारला. निरोप हरवला तर फार बिघडत नाही, लगेच बोंब होते आणि शोधायला सुरुवात होते. तुमच्याकडे निरोप जातो कसा ते जरा लिही. मला यातलं काही कळत नाही असं धरून लिही. तुझं तसंही तेच मत आहे, ठाऊक आहे मला.

दुसरं, ती पडली तेव्हा नक्की काय म्हणते? "पाऊण तास" एवढंच, की आणखी काही? सांगायला लागली की ती तपशील सोडत नाही.

गुन्नेल आत्या


उप्साला, १७ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

तुला झाडू मारायची हौस अजून आहे, हे वाचून बरं वाटलं. पण जमाना बदललाय. तुमच्या वेळी प्रोग्रॅममध्ये काय वाट्टेल ते करता यायचं, म्हणून झाडूही लागायचा. आम्ही वापरतो ती भाषा फार कडक आहे. चूक असेल तर प्रोग्रॅम तयारच होऊ देत नाही.

आता तुझ्या हुकमाप्रमाणे, काही कळत नाही असं धरून सांगतो. प्रत्येक पट्ट्यासाठी प्रोग्रॅममध्ये एक थ्रेड असतो. एका छपराखाली शेजारी शेजारी बसून काम करणारी माणसं समज. कुणी कुणाच्या सामानाला हात लावायचा नाही. सांगायचं असेल ते चॅनलमध्ये टाकायचं. एकदा टाकलं की तो निरोप टाकणाऱ्याचा राहत नाही. त्यानं परत हात लावायचा प्रयत्न जरी केला तरी भाषा तिथंच अडवते. दुसऱ्या टोकाला एकच थ्रेड बसलेला असतो. तो आले त्या क्रमानं एकेक निरोप उचलतो, त्यावर त्या क्षणाची वेळ लिहितो, नोंद करतो, आणि मदतीची हाक असेल तर मदतनिसाच्या फोनवर धाडतो. वेळ त्यानंच घालायची असं टीमनं मुद्दाम ठरवलं, कारण पट्ट्यांची घड्याळं एकमेकांशी जुळत नाहीत. सगळ्यांसाठी एकच घड्याळ, म्हणजे भांडण नको. चॅनलला मर्यादाही नाही, हवे तेवढे निरोप मावतात. त्यामुळे टाकणाऱ्याला कधीही ताटकळत उभं राहावं लागत नाही. आमची टीम लीडर पर्निला याला "सुरेख" म्हणते, आणि ती सहसा कशालाच सुरेख म्हणत नाही.

बॅटरी किती उरली, खोलीत थंडी किती, दार उघडं की बंद, सगळं याच वाटेनं जातं. एकच वाट, स्वच्छ काम. दर दुसऱ्या गुरुवारी दुपारी आम्ही नवी आवृत्ती चढवतो. शुक्रवारी कुणीच चढवत नाही, शनिवार-रविवार वाया जायला नको म्हणून. आई पडली त्या गुरुवारीही चढवलीच होती. सगळ्या पट्ट्यांनी आपापली साठवलेली पंधरा दिवसांची माहिती पुन्हा पाठवली आणि एकही निरोप गळला नाही. एकही नाही, आत्या!

आईचा तपशील हवा म्हणालीस ना, ऐक. ती म्हणते, रेडिओवर दुपारचं समुद्राचं हवामान सुरू होताना पडली आणि लगेच बटण दाबलं. मग एकेका दीपगृहापाशी वारा किती ते सगळं ऐकलं, मग बातम्या, मग बागकामाचा कार्यक्रम, त्यात डेलियाचे कंद जमिनीतून कधी काढायचे ते. आणि म्हणते, हवामान वाचणाऱ्या बाईनं सोडेरार्मचं दीपगृह दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा वारा वेगळा सांगितला आणि माफीही मागितली नाही. आता बोल! नोंद म्हणते, बटण दाबलं गेलं ते बागकामाच्या वेळी. म्हणजे पडून राहिली असेल थोडा वेळ, भांबावून, आणि बटणाचं सुचलंच उशिरा. ते "लगेच" तिनं मागाहून जोडलंय.

मला तिच्यावर हसायचं नाहीये. पण पलीकडच्या इमारतीत जागा निघाली आहे, आणि तिथं ती जास्त सुखात राहील असं सगळ्यांचं मत पडलं आहे.

सिक्स्टेन


नॉरग्रुंद, २२ ऑक्टोबर

सिक्स्टेन,

तुझं पत्र मी उभ्यानंच वाचलं आणि मग बसले.

सव्वीस तारखेला दुपारी मी इथं धक्क्यावर पर्च मासे साफ करत होते, रेडिओ नेहमीसारखा लावलेला. त्या बाईनं सोडेरार्म दोनदा वाचलं. पहिल्यांदा नैर्ऋत्येचा वारा सेकंदाला सात मीटर, दुसऱ्यांदा अकरा. माफी मागितली नाही. सुरी हातात धरून मी त्या रेडिओला शिव्या घातल्या, कारण सोडेरार्म आमच्या शेजारी आहे आणि मला बोट बाहेर काढायची होती. तुझी आई येव्लेत जमिनीवर मोडक्या घोट्यानं पडून तेच ऐकत होती आणि तिला ते माझ्याहून नीट लक्षात राहिलं. जिला मी एक दिवस सलग सहन करू शकत नाही, त्या बाईचं डोकं तुझ्या संपूर्ण टीमपेक्षा ठिकाणावर आहे.

आता तुझं "सुरेख" बघू.

मी हे पत्र आज लिहिते आणि वर आजची तारीख घालते. तुला मिळेल शनिवारी, सोमवारी, पोस्टाच्या मनात येईल तेव्हा. तुमच्या कंपनीत तारीख कोण घालतं? वाचणारा! पत्र महिनाभर पोस्टात कुजलं तरी वाचणारा म्हणणार, आजच आलं, आजच वाचलं, किती तत्पर मी! अरे शहाण्या, हाक मारणाऱ्यानं कधी मारली हे तुमच्या नोंदीत कुठंच नाही. तुमच्या माणसाला ती कधी ऐकू आली, तेवढंच आहे.

आणि ती चार मिनिटं? आईची हाक रांगेतून बाहेर काढल्यावरची. त्याआधी ती कुठं होती? रांगेत. कुणाच्या मागे? त्या गुरुवारी सगळ्या किनाऱ्यावरच्या सगळ्या पट्ट्यांनी पंधरा पंधरा दिवसांच्या बॅटऱ्या, थंड्या आणि दारं एकदम ओतली, हे तूच लिहितोस, वर कौतुकानं. उचलणारा एकटा. तो एकेक उचलणार, नोंदणार, पुढचा उचलणार. "श्रीमती अमुक यांची बॅटरी सत्त्याऐंशी टक्के." बरं, पुढे? "श्रीमती तमुक यांचं दार बंद." छान. आणि त्या सगळ्यांच्या शेवटी तुझी आई, "मला उचला हो" म्हणत.

तुमची भाषा कडक आहे म्हणतोस. असेल. निरोप कुणी हिसकावत नाही ना, एवढं ती बघते. कुणी वेळेवर वाचतो का, हे कुठलीच भाषा बघत नाही. ते माणसानं बघायचं असतं, त्याचाच पगार मिळतो. आम्ही रांगेला मर्यादा घालायचो. भरली की टाकणारा अडायचा, बोंब मारायचा, आम्ही शिव्या देत उठायचो आणि बघायचो. आणि आग लागल्याची हाक आणि वीजबिलाची चौकशी आम्ही कधी एका रांगेत उभी केली नाही. एवढी अक्कल आमच्या शिपायालाही होती. तुम्ही रांग बिनतळाची केलीत म्हणून कुणी बोंब मारत नाही, आणि त्याला तुम्ही सुरेख म्हणता.

दोन कामं कर. एक, पट्ट्यानं हाक मारतानाच वेळ घालायची. घड्याळ चुकीचं असलं तरी चालेल, निदान चूक किती ते तरी कळेल. दोन, पुढच्या वेळी आवृत्ती चढवाल तेव्हा एक पट्टा हातात घेऊन स्वतः बटण दाब आणि बस वाट बघत.

आणि "पलीकडची इमारत" म्हणजे काय ते मला माहीत आहे. दाराला आकडे दाबावे लागतात, आणि आत राहणाऱ्यांना ते आकडे सांगत नाहीत. आईला विस्मृतीच्या वॉर्डात टाकतोयस आणि मला लिहितोस "जागा निघाली आहे"? लाज वाटायला हवी होती.

गुन्नेल


उप्साला, २८ ऑक्टोबर

आत्या,

तुझं पत्र पर्निलाला दाखवलं. व्यक्तिगत भाग झाकून. ती हसली. वाईट नाही, कौतुकानं हसली. म्हणाली, "अशा बायका आता मिळत नाहीत." मग तिनं आलेख उघडून दाखवला. गेल्या वर्षभरात निरोप उचलल्यापासून मदतनिसाचा फोन वाजेपर्यंत अर्ध्या सेकंदाच्या वर कधी गेलेलं नाही. सबंध आलेख हिरवा आहे. उचलण्याआधीचं मोजता का, असं मी तुझ्या समाधानासाठी विचारलं. ती म्हणाली, उचलण्याआधी निरोप आपल्याकडे आलेलाच नसतो, मग मोजायचं काय?

लोकांच्या मनगटावरच्या चालू सिस्टिममध्ये खोटी हाक मारून बघणं आमच्या नियमात बसत नाही. तुमच्या एक्स्चेंजमध्ये बसत असेल. आणि सोडेरार्म दोनदा वाचलं, बरं, वाचलं असेल. त्यानं आई शुद्धीवर होती एवढंच ठरतं. बटण केव्हा दाबलं हे काही रेडिओ सांगत नाही.

तू माझी लाज काढलीस. आत्या, दर रविवारी तिच्याकडे जातो तो मी. तुझं ख्रिसमसचं कार्ड जातं. मागच्या रविवारी मी तिला शांतपणे सगळं समजावलं, नोंद पुन्हा दाखवली. तिनं चष्मा लावून वाचली, मग चष्मा काढला आणि म्हणाली, "मशीन म्हणतंय तर तसंच असेल बाबा. मलाच काही कळेनासं झालंय." तेव्हापासून तिनं पाऊण तासाचं बोलणं सोडून दिलंय. काचेची भांडी शेजारणीला देऊन टाकली. पलीकडे जायला ती स्वतःच हो म्हणते आहे. येत्या आठ तारखेला, शुक्रवारी, नगरपालिकेच्या बोडिल बाई येतील, आई सही करेल आणि हा विषय संपेल.

कृपा करून यात पडू नकोस.

सिक्स्टेन


नॉरग्रुंद, ३१ ऑक्टोबर

सोल्वेग वहिनी,

पाकिटावरचं नाव वाचून हे केराच्या टोपलीत टाकणार होतीस ना? टाकू नकोस. आधी वाच, मग टाक.

फोन केला असता, पण फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला हेरिंगवर येतो. मला भांडायला वेळ नाही.

तुझा घोटा मोडला त्या दिवशी सोडेरार्म दोनदा वाचलं. सात आणि अकरा. मीही ऐकलं. तू खोटं बोलत नाहीस आणि तुझं डोकं फिरलेलं नाही. हे मी म्हणते आहे, मी, जिनं आजवर तुझ्या एकाही गोष्टीवर विश्वास ठेवला नाही. तू पडल्याचं ऐकलं तेव्हाही ठेवला नव्हता. सिक्स्टेनला मी तसं लिहिलंही. ती चूक माझी झाली.

तू हाक मारलीस. ती पोचलीही. पण तुझ्या पोराच्या कंपनीत निरोपांची एकच लांब रांग आहे, आणि दर दुसऱ्या गुरुवारी दुपारी त्या रांगेत ते सगळ्या किनाऱ्याचा कचरा ओततात. तुझी हाक त्या कचऱ्यामागे उभी राहिली. नंबर लागला तेव्हा त्यांनी घड्याळ बघितलं आणि तीच वेळ लिहिली. म्हणून कागदावर तू चार मिनिटं पडून होतीस.

त्याला मी हे लिहिलं. तो आलेख दाखवतो. पोरगा वाईट नाही गं, पण पडद्यावर हिरवं दिसलं की त्यांना बाकी काही दिसत नाही.

तर ऐक. सात तारीख गुरुवार आहे, आणि तो नवी आवृत्ती चढवायचा गुरुवार आहे. त्या नगरपालिकेच्या बाईला फोन कर आणि शुक्रवारऐवजी गुरुवारी दुपारी कॉफीला बोलाव. काहीही कारण सांग, कारणं तुला शिकवायला नकोत. पोराला बोलाव. त्या मदतनीस मुलीला तिचा फोन टेबलावर ठेवायला सांग. रेडिओ लाव. हवामान सुरू झालं की सगळ्यांच्या देखत, आरामात खुर्चीत बसून, बटण दाब. मग कुणी काही बोलायचं नाही, नुसतं बसायचं.

तोवर कशावर सही करू नकोस. "मलाच कळेनासं झालंय" हे वाक्य परत तोंडातून काढलंस तर मी बोट काढून तिथं येईन, आणि तुला ते मुळीच आवडणार नाही.

गुन्नेल


येव्ले, ८ नोव्हेंबर

वन्सं,

तुमचं पत्र बुधवारी मिळालं. एक दिवस उरला होता. इतकं महत्त्वाचं होतं तर पत्राला आठवडा कशाला लावायचा? पण तुमचं आपलं नेहमीचं. हिवेतला टपाल आणायला पाठवलं होतं, तिनं तुमचं पाकीट आणलं. टोपलीत टाकणार होते, खरं आहे. पहिलं वाक्य वाचलं आणि थांबले.

बोडिल बाईंना फोन केला. म्हटलं, शुक्रवारी माझी मैत्रीण येते आहे, गुरुवारी या. बाई खूष झाल्या, शुक्रवारी त्यांना लवकर निघून आपल्या कॉटेजवर जायचंच होतं. सिक्स्टेन म्हणाला, "आई, गुरुवारी मला जमणार नाही, नवी आवृत्ती असते." मी म्हटलं, "मग नको येऊस. सहीही नाही." आला. कपाळाला आठ्या, लॅपटॉप उघडा, कोटही काढला नाही.

मी दालचिनीचे बन केले होते. तुमचे होतात तसे कडक नव्हते. बोडिल बाईंनी फाइल मांडीवर घेतली. हिवेतनं फोन टेबलावर ठेवला. रेडिओ लावला तर सिक्स्टेन म्हणतो, "आता हे कशाला?" तेवढ्यात हवामान सुरू झालं, आणि मी बटण दाबलं. पट्ट्यावर हिरवा दिवा लुकलुकला, म्हणजे हाक गेली.

"आई, काय करतेयस?" तो ओरडला.

"कॉफी पितेय. तूही पी."

"अगं, आत्ता हिवेतचा फोन वाजेल!"

"वाजू दे. मी तेच बघतेय."

वाजला नाही. एकेक दीपगृह होत गेलं. सिक्स्टेन म्हणाला, "येईलच." सोडेरार्म झालं, एकदाच वाचलं या वेळी. मग बातम्या लागल्या. हिवेतनं फोन उचलून उलटासुलटा करून पाहिला, आवाज चालू आहे ना म्हणून. बोडिल बाईंनी दुसरा बन घेतला आणि घड्याळ बघितलं, मग तिसरा बन राहू दिला. सिक्स्टेननं लॅपटॉप पुढे ओढला. मी विचारलं, "काय दिसतंय रे?" तो म्हणाला, "हिरवं." त्याचा आवाज असा होता, वन्सं, की मला त्याच्या लहानपणी ताप भरायचा तेव्हाची आठवण झाली. मग त्यानं कोट काढला. मग त्यानं पर्निला की कोण तिला फोन लावला आणि हळू आवाजात म्हणाला, "उचलण्याआधी. उचलण्याआधी किती उभे आहेत ते मोज." पलीकडून टाइप केल्याचा आवाज येत राहिला. मग तिनं आकडा सांगितला असावा, कारण पोरानं लॅपटॉपच मिटला.

बातम्या संपल्या, गाणी झाली, कुणीसं सफरचंदाच्या झाडांच्या छाटणीवर बोलायला लागलं, तेव्हा टेबलावरचा फोन वाजला. आम्ही सगळेच दचकलो. हिवेतनं वाचून दाखवलं. माझं नाव, माझी खोली, आणि बटण दाबल्याची वेळ. आत्ताची!

बोडिल बाई म्हणाल्या, "आत्ताची कशी? मी इथं बसले आहे की." मग त्यांनी सिक्स्टेनला विचारलं, हा पट्टा आणखी किती जणांच्या हातात आहे. तो म्हणाला, सबंध किनाऱ्यावर आहे. त्यांनी फाइल मिटली, पर्समध्ये घातली आणि म्हणाल्या, तुमच्या आईंबद्दल मला आता काही विचारायचं नाही, तुमच्या कंपनीबद्दल बरंच विचारायचं आहे. त्यांची कॉफी गार झाली होती, पण त्यांनी ती पिऊन टाकली, मला आवडलं ते.

कंपनीनं काल संध्याकाळपर्यंत मदतीची हाक वेगळ्या रांगेला लावली, असं सिक्स्टेन सांगतो. वेळही आता पट्टाच घालणार. एका संध्याकाळीत होणारं काम होतं, तर आधी का नाही केलं, असं मी विचारलं.

तुम्हाला वाटत असेल, फोन वाजला तेव्हा मला आनंद झाला असेल. मुळीच नाही. मला रडू आलं, आणि तेही बोडिल बाईंसमोर. मीच मला खोटी ठरवली होती, वन्सं. गेले पंधरा दिवस मी रोज सकाळी उठून स्वतःलाच विचारत होते, आज कुठला वार, पंतप्रधान कोण, सिक्स्टेनचा वाढदिवस कधी. सगळं आठवायचं, आणि तरी वाटायचं, आठवतंय असं नुसतं वाटत असेल. काचेची भांडी शेजारणीला देऊन बसले आहे. तिनं ती कपाटात लावूनही टाकली. आता परत कशी मागायची, ते तुम्हीच सांगा. निर्लज्जपणा तुम्हाला जमतो.

हेरिंग खारटच होतं. सहा नव्हे, चार माणसं आजारी पडली होती. तेवढं मी सोडायला तयार आहे.

बाई गेल्या, हिवेतही गेली. सिक्स्टेन उठला आणि कप धुवायला लागला. बराच वेळ एकच कप धूत होता. मग म्हणाला, "आई, मला कळायला हवं होतं." मी म्हटलं, "कळलं नाही याचं काही नाही रे. तू रोज उप्सालात बसून त्या मशीनला विचारत होतास. रविवारी इथं येऊन माझ्यासमोर बसायचास तेव्हाही नोंदच वाचून दाखवायचास. मला कधी विचारलंस?"

त्यानं हात पुसले, खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "आई, त्या दिवशी किती वेळ पडून होतीस?"

मी पडले त्याला सहा आठवडे झाले. पोरानं हे मला पहिल्यांदा विचारलं.

मी म्हटलं, "खूप वेळ, रे."

सोल्वेग